वेणीफणी

शाळेच्या वार्षिक अंकात वेणीफणीवर लेख पाहून कित्येक पालकांस हसू येईल, आणि वरच्या वर्गांतील मुलगे तर हे पान उलटूनच टाकतील. मुलग्यांनी तसे करू नये अशी आमची विनंती आहे. कारण ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्यास निमित्त त्यांच्यापैकीच दोघे झाले.

गतवर्षी जून महिन्यात वसतिगृहात पाचवीच्या वर्गासाठी एक नवी मुलगी दाखल झाली. तिचे आईबाप ऊसतोडीस जाणारे. दसरा आटोपला की मुकादमाच्या गाडीत बसून साखर कारखान्यांच्या मुलखात जावयाचे आणि उन्हाळा तोंडावर आला की परतावयाचे, असा त्यांचा दरसालचा क्रम. मुलगी कधी गावी आजीजवळ, तर कधी फडाशेजारच्या कोपीत, अशी वाढलेली. तिच्या डोक्यास सदा रुमाल बांधलेला असे. तो ती वर्गात काढीत नसे, जेवताना काढीत नसे, आणि निजतानाही काढीत नाही असे वसतिगृहाच्या मावशींनी आम्हांस सांगितले. एके दिवशी मधल्या सुट्टीत दोन मुलांनी थट्टेने तो ओढला. मानेच्या वर, डाव्या अंगास, केसांचा एक घट्ट दोर लोंबत होता. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड आणि नमद्यासारखा चिवट. जट. मुलगी मोठ्याने रडू लागली, परंतु ते रडणे लाजेचे नव्हते. 'कुणी हात लावू नका, आई कोपेल,' असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आणि ही आई म्हणजे तिची जन्मदात्री नव्हे, हे उमगावयास आम्हांस क्षणभर लागला.

कात्री आणून तो गोळा तत्काळ कापून टाकावा असे त्या वेळी आमच्या मनात आले, हे कबूल केले पाहिजे. ते आम्ही केले नाही ह्याचे श्रेय आमचे नाही. मावशींनी आमचा हात धरला. 'बाई, केस तिचे आहेत,' एवढेच त्या म्हणाल्या. ती जट कशी आली, तिचे पुढे काय झाले, हे सांगण्यापूर्वी मुळात केस म्हणजे काय व ते गुंततात का, हे सांगणे अवश्य आहे.

केस हा देहाचा असा भाग आहे की जो वाढतो, पण जिवंत नसतो. त्वचेच्या आत जे मूळ असते तेवढेच सजीव. तेथे केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या पेशी उत्पन्न होतात आणि मरत मरत वर ढकलल्या जातात. आपली नखे, गाईच्या शिंगांवरील आवरण, घोड्याचे खूर ही सारी ह्याच द्रव्याची. मनुष्याच्या डोक्यावर सुमारे १ लक्ष केस असतात, महिन्याकाठी ते साधारण १ सेंटिमीटर वाढतात, आणि रोज ५० ते १०० केस गळणे हे स्वाभाविक आहे. फणीस चार केस आले म्हणून घाबरून जाणाऱ्या मातांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. सूक्ष्मदर्शकातून पाहिले असता केसावर कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात. त्यांची तोंडे टोकाकडे असतात. एक लांब केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटे ओढावीत, मग उलट ओढावीत. एकीकडे गुळगुळीत व दुसरीकडे खरखरीत लागेल. मुलींनी हे आजच करून पाहावे. गळालेला केस विंचरून काढला नाही तर तो इतर केसांतच फिरत राहतो, उलटसुलट होतो, आणि खवल्यांत खवले अडकतात. गुंता तो हाच. लोकर भिजवून, तुडवून नमदा तयार करतात त्यातही हीच क्रिया घडत असते.

तेव्हा वेणीफणी म्हणजे नटणे, असे जे पुष्कळ सोज्ज्वळ मंडळी समजतात ते बरोबर नाही. फणी आधी गळालेले केस काढते. शोभा ही त्यामागून येते.

आमच्या लहानपणी शेजारच्या घरांत कोणत्या वारी न्हावे व कोणत्या वारी न्हाऊ नये ह्याचे नियम असत. आमच्या ख्रिस्ती घरात शनिवार ठरलेला, कारण दुसऱ्या दिवशी उपासनेस जावयाचे. शुक्रवारी रात्री खोबरेल कोमट करून टाळूवर जिरवीत. शिकेकाई, रिठे, आवळकाठी व थोडा नागरमोथा भिजत घालीत. सकाळी ते उकळून फडक्याने गाळीत, आणि न्हाणीत बंबाच्या कढत पाण्याबरोबर तो काळसर काढा डोक्यावर ओतला जाई. डोळ्यांत गेला म्हणजे जी आग होई तिची आठवण आमच्या पिढीतील कोणाही स्त्रीस असेल. परंतु ह्या पद्धतीत शहाणपण होते. शिकेकाईत व रिठ्यात सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये असतात. ती मळ काढतात, आणि शिकेकाई किंचित आंबट गुणाची असल्याने केसांचे खवले मिटलेले राहतात. अंगाचा साबण ह्याच्या उलट. तो क्षारगुणी, त्यामुळे खवले उघडतात; शिवाय मराठवाड्यातील पुष्कळ विहिरींचे व बोअरचे पाणी जड असते, त्यातील चुन्याशी मिळून साबणाचा चिकट साका होतो व तो केसांवर बसतो. केस राठ होण्याचे आणि गुंतण्याचे हे आपल्याकडील एक मोठे कारण होय. आजचे शांपू जड पाण्यातही असा साका धरीत नाहीत, तेव्हा त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या घरी पहाटे पाचला उठून चार डबे करावयाचे, तेथील गृहिणीस शिकेकाई उकळीत बसा असे सांगणे हा कोरडा उपदेश झाला. आमचे सांगणे इतकेच की कपड्यांचा वा अंगाचा साबण डोक्यास लावू नये.

तेलाविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल ह्यांची तुलना करून मुंबईतील दोघा संशोधकांनी २००३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. धुण्यापूर्वी वा धुतल्यानंतर लावले असता केसांतील प्रथिनांचा झिजवटा कमी करणारे तेल ह्या तिघांत खोबरेल एकच ठरले. कारण त्यातील लॉरिक आम्लाचे कण केसाच्या आत शिरू शकतात, बाकीची तेले बहुतांशी वरच राहतात. म्हणजे न्हाण्याच्या आदल्या रात्री तेल लावण्याची आजीची चाल निराधार नव्हती.

ह्यानंतर वेणी. आई पाटावर किंवा उंबरठ्यावर बसे, मुलगी तिच्यापुढे जमिनीवर, पाठ तिच्या गुडघ्यांस टेकलेली. आधी मोठ्या दातांचा कंगवा, मग उवांलिखांसाठी लाकडी फणी, मग भांग, मग तिपेडी वेणी, आणि सणावाराला पाचपेडी. वेणी इतकी ओढून घालीत की डोळे तिरके होत. ह्या ओढण्याचे कौतुक आम्हांस नाही. रोज घट्ट ओढल्याने कपाळाच्या व कानशिलांच्या कडेचे केस मुळापासून दुखावतात आणि कालांतराने तेथे उगवतच नाहीत. शाळेच्या शिस्तीसाठी दोन वेण्या हव्यात हे खरे, परंतु त्या घट्ट असाव्यात असे शिस्तीच्या कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. विंचरून निघालेल्या केसांची गुंतवळ बायका भिंतीच्या फटीत खोचून ठेवीत आणि केस घेणारा फेरीवाला आला म्हणजे तिच्यावर एखादे भांडे वा मुलांस खाऊ घेत. अजूनही खेडोपाडी हा व्यापार चालतो. त्या केसांचे टोप होऊन ते दूरदेशी जातात.

मुलगे अद्यापि वाचीत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट. पवित्र शास्त्रातील महाबली शमशोन ह्याच्या डोक्यावर सात बटा होत्या, आणि तो निजला असता दलीलेने त्या मागावरील ताण्यात विणून टाकल्या, अशी कथा आहे. हिमरूचे माग पाहिलेल्या आपल्या शहरातील वाचकांस तो प्रकार डोळ्यांपुढे आणणे कठीण जाऊ नये. आणि अजिंठ्याच्या सहलीत मुले जातककथांतील हत्ती शोधीत असतात, तेव्हा मुली सतराव्या लेण्यातील दर्पण हाती धरलेल्या राजस्त्रीचा केशकलाप न्याहाळीत उभ्या असतात, हे आम्ही दर वर्षी पाहतो. त्या भिंतींवर मोकळे केस आहेत, मानेवर रुळणारे अंबाडे आहेत, फुले माळलेले खोपे आहेत, आणि कुरळ्या बटा तर पुष्कळच आहेत.

कुरळ्या केसांचे नाव निघाले म्हणून आमच्या हातून घडलेली एक चूक येथे सांगणे प्राप्त आहे. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात, प्रार्थनेच्या वेळी ओळीत उभ्या असलेल्या एका मुलीस आम्ही सर्वांदेखत म्हटले, 'उद्या केस विंचरून ये.' तिचे केस अत्यंत कुरळे होते. विंचरूनही ते तसेच उभे राहत, हे आम्हांस ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी ती आली तो डोके कातरलेले. 'बाईंनी सांगितलं म्हणून आईनं कापले,' असे ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर कित्येक वर्षांनी आम्ही ह्या विषयाची माहिती मिळवावयास लागलो. तोवर ती मुलगी शाळा सोडून गेली होती.

केस सरळ की कुरळे, हे त्याच्या मुळाच्या आकारावर अवलंबून असते. मूळ सरळ व गोल असेल तर केस सरळ उगवतो. मूळ वाकडे असेल तर केस चपटा व वळणे घेत निघतो. टाळूवर उत्पन्न होणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसाच्या वळणांतून ते उतरत नाही, म्हणून असा केस टोकाकडे कोरडा पडतो, आणि प्रत्येक वळणाशी तो नाजूक असतो. त्यास कोरडेपणी, मुळापासून, बारीक फणीने विंचरणे म्हणजे तो मोडणे होय. पाण्याने भिजवावे, तेल लावावे, डोक्याचे चार-सहा भाग पाडावे, आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून आरंभ करून हळूहळू मुळाकडे जावे. ह्यात अवघड असे काही नाही. वेळ मात्र लागतो. आम्ही त्या मुलीस 'विंचरून ये' म्हटले, पण कसे विंचरावे हे आम्हांसच सांगता आले नसते.

वस्तुतः ह्या शहराने तरी अशा केसांस हसू नये. १६१० साली खडकी नावाने हे नगर ज्याने वसविले, तो निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा आफ्रिकेतील हबशाण देशाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष दख्खनचा कारभारी झाला, त्याने डोंगराचे पाणी नहरींनी शहरात आणले, आणि १६२६ साली वारल्यावर खुलताबादेस त्याची कबर झाली. नगराचे नाव पुढे औरंगाबाद झाले व आता छत्रपती संभाजीनगर आहे, परंतु नहरीचे नाव नहर-ए-अंबरीच राहिले. त्याची जुनी चित्रे उपलब्ध आहेत. त्यांत डोक्यास पागोटे असल्याने केस काही दिसत नाहीत. आफ्रिकेतूनच आलेल्यांचे वंशज सिद्दी. जंजिऱ्याचे सिद्दी इतिहासाच्या पुस्तकातून सर्वांस माहीत आहेत; पण कर्नाटकात हल्याळ व यल्लापूरच्या जंगलपट्टीत राहणारे सिद्दी फारसे कोणास ठाऊक नसतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आणि ख्रिस्तीही आहेत. त्यांच्या मुलींचे केस घट्ट कुरळे असतात, आणि शाळेतील थट्टा त्यांनाही चुकत नाही.

आफ्रिकेतून पूर्वेकडे जितकी माणसे आली त्याहून फार अधिक पश्चिमेकडे नेली गेली. जमैका, बार्बेडोस, त्रिनिदाद ही वेस्ट इंडीजची नावे आमच्या मुलांस क्रिकेटमुळे पाठ आहेत. तेथे त्या माणसांस ज्या पिकासाठी नेले ते पीक म्हणजे ऊस. बायका पुरुषांबरोबर फडात राबत. आठवड्यात रविवार तेवढा थोडा मोकळा मिळे. त्या दिवशी त्या एकमेकींपुढे बसून केस सोडवीत, तेल वा चरबी लावीत, आणि आठवडाभर टिकतील अशा बारीक वेण्या डोक्यालगत ओळीने घालीत. सऱ्या पाडलेल्या शेतासारख्या त्या ओळी दिसत. त्या बेटांवर ह्या वेण्यांस अद्यापि 'केनरो', म्हणजे उसाच्या ओळी, असे म्हणतात. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३४ साली कायद्याने उठली व १८३८ साली प्रत्यक्षात संपली, वेण्या राहिल्या. आजही तेथे आई खुर्चीवर वा पायरीवर बसते, मुलगी तिच्या गुडघ्यांमध्ये खाली बसते, आणि शाळेच्या आठवड्यासाठी केसांचे भाग पाडून वेण्या घातल्या जातात. रात्री केस घासून तुटू नयेत म्हणून डोक्यास मऊ कापड बांधतात. जमैकात एरंडाच्या बिया भाजून, कुटून, उकळून काळपट तेल काढतात व ते केसांस लावतात. आपल्या बांधावरचा एरंड तो हाच.

परंतु तेथेही, शाळांत व कचेऱ्यांत सरळ केस तेवढेच नीटनेटके असे पुष्कळ काळ मानले गेल्यामुळे, बायका तापविलेल्या लोखंडी फणीने केस सरळ करीत आल्या, आणि पुढे कॉस्टिक सोड्यासारख्या दाहक द्रव्यांनी. ही द्रव्ये केराटिनाच्या आतील बंध तोडतात. टाळू भाजते ते निराळेच. आता आपल्या शहरातील केशगृहांतही दहावीची परीक्षा आटोपताच मुली केस सरळ करून घेण्यास जातात. त्या कामी वापरल्या जाणाऱ्या काही द्रव्यांतून, ती तापविली असता, फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू निघतो, एवढे पालकांच्या कानावर घालून ठेवतो.

उसाच्या फडात केस कसे राखावे हा प्रश्न, तर, जुना आहे. आमच्या त्या विद्यार्थिनीच्या आईपुढे तोच होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिने रात्री दोन-तीनला उठून भाकऱ्या थापावयाच्या, अंधारात फडावर जावयाचे, मोळ्या बांधून डोक्यावर वाहावयाच्या, गाडी भरावयाची, आणि संध्याकाळी पाणी शोधून आणावयाचे. जेथे प्यावयास घागर पुरत नाही तेथे लांब केस धुणे कोठले? पाचटाचा कचरा, घाम, धूळ, उवा, आणि कित्येक दिवस न लागलेला कंगवा. प्रथम मागे एक गाठ होते; खाज सुटते, मूल ओरबाडते, गाठ आवळते; विंचरावयास गेले तर दुखते, म्हणून तेवढा भाग सोडून विंचरतात. दोन-तीन महिन्यांत जट तयार. मग कोणीतरी म्हणते की हिच्या अंगी आईने वस्ती केली, आता कापू नका. पूर्वी अशा मुलीस यल्लमास वाहण्याची चाल होती, आणि तिच्या वाट्यास जे जीवन येई त्याचे वर्णन शाळेच्या अंकात करावयाचे नाही. ही चाल रोखण्यासाठी मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली व महाराष्ट्रात २००५ साली कायदे झाले. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन स्त्रियांच्या जटा सोडविल्या आहेत, आणि हे काम त्यांनी बहुधा समजुतीने केले आहे.

ख्रिस्ती वाचकांनी येथे मान ताठ करण्याचे कारण नाही. पोलंड हा ख्रिस्ती देश. तेथील खेड्यांतही शेकडो वर्षे अशा जटा वाढवीत, आणि ती कापली असता रोग डोक्यातून देहात उतरेल, माणूस आंधळा किंवा वेडा होईल, अशी समजूत होती. वैद्यकात जटेस आजही पोलंडवरूनच नाव आहे. क्राकुफ येथील युझेफ दिट्ल नामक वैद्यकाच्या प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकात हा रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे हे दाखवून दिले, तरीही लोक कात्रीस घाबरतच राहिले.

जटा ही वस्तुतः वाईट असेही आम्ही म्हणत नाही. जमैकातील रास्ताफारी पंथाचे लोक १९३० नंतरच्या काळापासून आपल्या समजुतीने जटा राखीत आले आहेत. त्या ते धुतात, निगा राखतात, आणि त्यासाठी अपमानही सोसतात. आपल्याकडे साधूही राखतात. त्यांनी ते आपण होऊन पत्करलेले असते. दहा वर्षांच्या मुलीस कोणी विचारले होते? आपल्या इकडे उच्चवर्णीय विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरे तेव्हाही कोणी विचारले नव्हते. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदासदन काढले ते अशाच बालविधवांच्या शिक्षणासाठी. आणि त्यानंतर वर्षभराने, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून असे वपन करावयाचे नाही असे ठरविले. एकीचे केस बळाने काढले, दुसरीचे बळाने ठेवले. दोघींच्याही केसांचे मालक भलतेच होते.

आता त्या मुलीकडे वळू. तिच्या आईस व आजीस आम्ही निरोप पाठविला. आमच्यासारखीने देवीचे नाव काढले असते तर मिशनरी शाळा आपला देव सोडावयास सांगते असा त्यांचा ग्रह झाला असता, आणि तो अगदीच अकारण झाला असता असेही नव्हे. म्हणून बोलण्याचे काम मावशींनी पत्करले. त्यांनी वसतिगृहातील मुलींची आठवड्याची गुंतवळ आणली, तिच्यावर थोडे तेल व साबणाचे पाणी घातले, आणि आजीशी पीकपाण्याच्या गोष्टी करीत ती तळहातांत चोळीत बसल्या. पंधरा मिनिटांनी त्यांच्या हाती एक घट्ट गोळी झाली. ती त्यांनी आजीच्या हाती दिली. आजीने ती दाबून पाहिली, ओढून पाहिली, नातीच्या जटेशी लावून पाहिली.

'ही तुम्ही केली,' आजी म्हणाली.

'हो. आणि ती कोपीत झाली,' मावशी म्हणाल्या.

आजीने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग तिने एक अट घातली. जे निघेल ते फेकावयाचे नाही. ती ते स्वतः नदीस वाहील. ही अट आम्ही तत्काळ मान्य केली. मुलीस विचारले तेव्हा ती प्रथम आजीकडे व मग आईकडे पाहून 'दुखेल का?' एवढेच म्हणाली.

चार संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी जट खोबरेलात भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी मावशींनी ती आडवी न कापता उभी, केसांच्या दिशेने, कात्रीच्या टोकाने तीन ठिकाणी चिरली, आणि कंगव्याच्या दांडीने टोकाकडून एकेक बट सोडवावयास घेतली. आईही हात लावू लागली. आत मेलेल्या उवा निघाल्या, लिखांची रांग निघाली, आणि अगदी मध्यभागी उसाच्या पाचटाचा बोटभर तुकडा निघाला. तो आईने उचलून दिव्याजवळ नेला व पदराच्या गाठीत बांधला. चौथ्या दिवशी जे सुटत नव्हते ते कापले. निम्मे केस वाचले. मुलीने मान इकडे तिकडे हालवून पाहिली, आणि मग त्या संध्याकाळी ती पाच-सहा वेळा उगाचच मान हालवीत होती.

दसऱ्यानंतर आई निरोप घ्यावयास आली. थोरली वसतिगृहात राहणार होती. धाकटी, चार वर्षांची, तिच्याबरोबर फडावर जाणार होती. रुंद दातांचा एक कंगवा मिळेल का, असे आईने विचारले. मग ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली, धाकटीस गुडघ्यांमध्ये घेतले, आणि वसतिगृहातील मोठ्या मुलींनी तिला दाखविल्याप्रमाणे डोक्यालगत बारीक वेण्या घालावयास लागली, एकीशेजारी एक, सात ओळी. किती दिवस टिकतील असे तिने मावशींस विचारले. आठ दिवस, मावशी म्हणाल्या. आई म्हणाली, तर आठ दिवसांनी सोडीन. खाली मुकादमाची गाडी हॉर्न वाजवीत होती. तिची शेवटची ओळ अद्यापि व्हावयाची होती, आणि ती पुरी झाल्यावाचून ती उठली नाही.